कपारीतला भागीदार : तांबड्या समुद्रातल्या एका जोडशिकारीचं प्रकरण

हातातोंडाशी आलेला घास गेला, सुरुवातीला घडलेलं असतं ते एवढंच.

जागा इजिप्तमधली. सिनाई द्वीपकल्प दक्षिणेला निमुळतं होत तांबड्या समुद्रात शिरतं, तिथे रास मोहम्मद नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्याला लागूनच प्रवाळांची भिंत आणि त्या भिंतीत अगणित भोकं, भेगा, कपारी. दिवसाउजेडी एक गोबरा, म्हणजे मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, एका छोट्या माशाच्या मागे लागतो. तो इवलासा जीव शेवटच्या क्षणी अंग चोरून एका फटीत घुसतो. गोबऱ्याचं डोकं रुंद, धड आडमाप. फटीत शिरणं त्याच्या नशिबातच नाही. तो बाहेर घुटमळत राहतो.

इथवरची गोष्ट रोजची, कुठल्याही प्रवाळावर दिसेल अशी. पण हा गोबरा वळतो आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या कपारीकडे जातो. तिथे एक मोठी मोरे वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, दिवसाची विश्रांती घेत पडलेली आहे, डोकं तेवढं बाहेर. गोबरा अगदी तिच्या तोंडासमोर जाऊन थांबतो आणि डोकं भराभर हलवायला लागतो, सेकंदाला 3 ते 6 वेळा. आपण एखाद्याच्या दारात उभं राहून ‘अहो, येताय ना?’ म्हणावं तसं. मोरे थोडा वेळ नुसतीच बघते. मग सरसर सगळं अंग बाहेर काढते आणि दोघं शेजारी शेजारी पोहत निघतात.

शिकार लपलेल्या फटीपाशी आल्यावर गोबरा त्या जागेच्या बरोबर वर शेपूट वर, डोकं खाली असा उभा राहतो आणि पुन्हा डोकं हलवतो. मोरे खाली येऊन फटीत शिरते. आता आतल्या माशापुढे दोनच वाटा उरतात. आत थांबला तर मोरेच्या तोंडी, बाहेर पळाला तर गोबऱ्याच्या. कधी एकीचं पोट भरतं, कधी दुसऱ्याचं. ज्याला मिळालं तो जागच्या जागी गिळून मोकळा होतो. भांडण नाही, ओढाताण नाही.

दोन वेगळ्या कुळांतले मासे एकमेकांना खुणावून शिकारीला जातात, हे रेड्वान बशारी, आंद्रेआ होनर, करीम ऐत-एल-जूदी आणि हान्स फ्रिके या चौघांनी डिसेंबर 2006 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडलं. (फ्रिके म्हणजे तेच, ज्यांनी 1987 मध्ये कोमोरो बेटांजवळ छोट्या पाणबुडीतून, एकेकाळी नामशेष मानलेल्या सीलाकँथ माशाचं जिवंत चित्रण केलं होतं.) त्यानंतर या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा ‘मासे किती हुशार!’ या अंगाने झाली. मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. ही भागीदारी टिकते ती मोरेच्या शरीररचनेमुळे. तिला पंख कुठे नाहीत, तिचा घसा कसा आहे, ती श्वास कसा घेते, हे कळल्याशिवाय ही जोडशिकार नीट समजतच नाही. म्हणून आधी तिच्याकडे बघू.

मोरे कोण?

आडनावाशी काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत या माशाला ‘मोरेया’ म्हणतात, ते लॅटिनमधल्या ‘मुरेना’वरून आलं आणि पोर्तुगीजवरून इंग्रजीत ‘मोरे’ झालं. आपल्याकडे सापासारख्या लांब माशांना सरसकट वाम म्हणायची पद्धत आहे. बाजारात वाम म्हणून जी मिळते ती मोरेची लांबची नातलग, वेगळ्या कुळातली. पण लांबडं अंग, खवल्यांशिवायची कातडी आणि दात यांचा अंदाज तिच्यावरून येतो. एकदा पाटीवरच्या वामीचा जबडा उघडून बघायला मी बोट पुढे केलं, तर कोळीण मावशी खेकसल्या, ‘‘तोंडात हात घालू नको रे, मेली तरी दात मेलेत का तिचे?’’ त्या वाक्यात पुढचं बरंच काही येऊन गेलं होतं, हे नंतर कळलं.

मोरेंच्या सुमारे 200 जाती आहेत. या प्रकरणातली आहे ती जायंट मोरे, शास्त्रीय नाव जिम्नोथोरॅक्स जावानिकस. लांबी 3 मीटरपर्यंत, वजन 30 किलोपर्यंत. तपकिरी अंगावर बिबट्यासारखे काळपट ठिपके आणि कल्ल्याच्या भोकाभोवती काळा डाग. तांबड्या समुद्रापासून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ती आढळते. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवरही आहे.

छातीचे पंख नाहीत, पोटाखालचेही नाहीत. पाठीवरून निघालेली एकच लांब झालर शेपटीला वळसा घालून पोटाकडे येते. खवले नाहीत, जाड कातडीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर. फटीतून सरपटताना अडकेल असं काही अंगावर शिल्लकच ठेवलेलं नाही. कल्ल्याची झाकणंही नाहीत, फक्त दोन्ही बाजूंना एकेक बारकं गोल भोक. त्यामुळे पाणी आत घ्यायचं तर तोंडाची सतत उघडझाप करावी लागते. पाण्याखाली पहिल्यांदा मोरे बघणाऱ्याला वाटतं, ही आपल्याला दात दाखवतेय. ती श्वास घेत असते.

या गैरसमजाला फार जुनी परंपरा आहे. रोममध्ये श्रीमंत लोक मुरेना तळ्यात पाळत. वेडियस पोलिओ नावाच्या धनाढ्याने स्फटिकाचा पेला फोडला म्हणून एका गुलामाला अशा तळ्यात फेकायचा हुकूम दिला, आणि पाहुणा म्हणून आलेल्या सम्राट ऑगस्टसने तो रोखून यजमानाचे उरलेले पेलेही फोडायला लावले, असं रोमन लेखकांनी लिहून ठेवलंय. बदनामी झाली ती माशाची. यजमान राहिला बाजूला.

दृष्टी यथातथाच. भिस्त सगळी वासावर. नाकपुड्यांची पुढची जोडी नळीसारखी पुढे आलेली असते. कपारीतून बाहेर डोकावणाऱ्या मोरेच्या ओठावर दोन बारक्या शिंगांसारखी ती दिसते. जायंट मोरे मुख्यतः रात्री हिंडते. अंधारात, वासाच्या मागावर, एका भेगेतून दुसऱ्या भेगेत. दिवसा एखाद्या कपारीत विसावते, आणि कपार काही तिने खोदलेली नसते. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मोरेला जितकी लागू पडते तितकी नागोबालाही पडत नसेल.

दुसरा जबडा

सगळ्या प्रकरणाची किल्ली या भागात आहे, म्हणून जरा थांबतो.

हाडं असलेले बहुतेक मासे भक्ष्य ‘चावून’ पकडत नाहीत, ओढून घेतात. तोंडाची पोकळी एकाएकी फाकवायची, आत दाब कमी करायचा, की पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्यही आत येतं. गोबरा हेच करतो. त्याचं ते प्रचंड तोंड उघडताना पाहिलंत तर पिशवी फुगवल्यासारखं दिसेल. पण या युक्तीला दोन गोष्टी लागतात. एक, डोकं सर्व बाजूंनी फुगवायला मोकळी जागा. दोन, जिभेखालची आणि कल्ल्यांची हाडं भक्कम. फटीत शिरलेल्या मोरेला पहिली मिळत नाही, आणि दुसरी तिच्यात उत्क्रांतीच्या ओघात खुरटलेली आहे. अरुंद डोकं हवं असेल तर ती हाडं परवडणारीच नव्हती. मग ही बाई मोठमोठे मासे गिळते कशी?

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी 6 सप्टेंबर 2007 च्या ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. अतिवेगवान कॅमेऱ्याने त्यांनी मोरेचं खाणं टिपलं आणि क्ष-किरणांनी आतली हाडं पाहिली. बाहेरच्या जबड्याने मोरे भक्ष्याला चावा घेऊन धरते. दात आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे धडपड करणारा मासा आतच सरकतो. तेवढ्यात घशातून, कवटीच्याही मागून, दुसरा जबडा पुढे येतो. त्यालाही दात आहेत, तेही मागे वळलेले. हा जबडा जवळजवळ कवटीच्या लांबीइतकं अंतर कापून तोंडाच्या पोकळीत येतो, भक्ष्याला घट्ट पकडतो आणि मागे ओढून अन्ननलिकेच्या दाराशी नेऊन सोडतो.

घशात दातांचा संच असणं यात नवल नाही. अनेक माशांना तो असतो आणि आत आलेलं भक्ष्य भरडायला किंवा पुढे ढकलायला ते वापरतात. मोरेच्या घशात अशी हाडं आहेत हे शरीरशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. ती उठून तोंडापर्यंत येतात हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. नेहमीच्या कॅमेऱ्याला ती हालचाल दिसण्यासारखीच नाही. मेहता यांचा आधीचा अभ्यास सापांच्या खाण्यावरचा, आणि तुलना तिथेच जाते. सापही असंच अरुंद डोक्याने मोठं भक्ष्य गिळतो. तो उजवा-डावा जबडा आळीपाळीने पुढे सरकवत भक्ष्यावर ‘चालत’ जातो. दोघांना अडचण एकच होती. सापाने आहे तोच जबडा सैल केला, मोरेने मागचा जबडा पुढे आणला.

2021 मध्ये मेहता यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्नोफ्लेक मोरे नावाच्या छोट्या, खेकडे खाणाऱ्या जातीला टाकीतल्या उतारावरून पाण्याबाहेर येऊन अन्नाचा तुकडा उचलायला शिकवलं, आणि त्या माशांनी तो पाण्यात परत न जाता, कोरड्यावरच गिळला. तिथे मोरेऐवजी गोबरा असता तर त्याला हे शक्य झालं नसतं, कारण ओढून घ्यायला पाणीच नसतं. मोरेला गिळण्यासाठी पाणी लागत नाही.

आता फटीतला प्रसंग पुन्हा आठवा. हात घालायला जागा नाही, तोंड फुगवायला जागा नाही, अशा ठिकाणी एक मासा दडलाय. ज्याचं तोंड फुगल्याशिवाय चालत नाही तो बाहेर, आणि ज्याला फुगवायची गरजच नाही अशी शिकारीण शेजारच्या कपारीत झोपा काढतेय.

तिला तोडूनही खाता येतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. भक्ष्य फारच मोठं असलं तर काही मोरे स्वतःच्या शेपटीची गाठ मारतात आणि ती गाठ डोक्याकडे सरकवत आणतात. गाठीचा आधार घेऊन लचका तोडता येतो. गाठ मारणारा मासा ही कल्पना मला अजूनही पूर्ण पचलेली नाही. जोडशिकारीत मात्र याची वेळ येत नाही, कारण तिथलं भक्ष्य एका घासाचं असतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

दुसरा पक्ष

गोबऱ्याबद्दल थोडक्यात. कोकणात गोबरा किंवा हेकरू म्हणतात त्याच घराण्यातला हा तांबड्या समुद्रातला भाऊ: प्लेक्ट्रोपोमस पेसुलिफेरस, उपजात मारिसरुब्री. लालसर अंगावर निळे बारीक ठिपके. दिवसा शिकार करणारा, उघड्यावरचा, जोरदार मुसंडी मारणारा. दृष्टी उत्तम.

म्हणजे एक दिवसाचा, एक रात्रीची. एक डोळ्यांवर जगणारा, एक नाकावर. एक उघड्यावरचा पहिलवान, एक बोळातली. एकाच भिंतीवर राहूनही खरं तर यांची गाठभेट व्हायचं कारण नव्हतं.

पुरावा कसा उभा राहिला

प्रवाळावर मासे एकमेकांच्या मागे फिरताना दिसणं नवं नाही. ऑक्टोपस किंवा वाम भेगा ढवळत निघाली की गोबरे तिच्या मागे लागतात, बाहेर पळणारं काहीबाही टिपतात. अकाबाच्या आखातातल्या अशा जोड्यांची नोंद 1985 मध्येच छापून आली होती. त्यात भागीदारी म्हणण्यासारखं काही नाही. नांगरामागे बगळे चालतात, तसंच. बगळा नांगऱ्याला बोलवायला घरी जात नाही.

बशारींच्या गटापुढे प्रश्न हाच होता: गोबरा बोलवायला जातो हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी एकेका गोबऱ्याच्या मागे पोहत राहून नोंदी ठेवल्या. दोघांचं एकत्र असणं योगायोगाने जितकं व्हावं त्यापेक्षा जास्त होतं. डोकं हलवण्याची खूण मोरेच्या समोर जाऊन, तिच्या अगदी जवळ केली जायची. आणि माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा: खूण भुकेवर अवलंबून होती. पोट भरलेला गोबरा मोरेला बोलवायच्या फंदात पडत नाही. नुसती सवय किंवा मोरे दिसल्यावर आपोआप होणारी हालचाल असती, तर पोटाशी तिचा संबंध कशाला राहिला असता?

प्रत्येक वेळी मोरे ऐकतेच असं नाही. कधी ती ढिम्म राहते. कधी निघते आणि वाटेत दुसऱ्याच भोकात शिरून बसते. मग गोबरा पुन्हा तिच्यासमोर जाऊन डोकं हलवतो. ही चिकाटी पाहून हसू येतं, पण संशोधनाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. उत्तर मिळालं नाही म्हणून खूण पुन्हा करणं, याचा अर्थ उत्तराची अपेक्षा आहे.

फायदा दोघांचा होतो का, हेही त्यांनी तपासलं, आणि तो दोघांचा होतो असंच निघालं. गोबऱ्याचं उघड आहे. फटीत गेलेलं भक्ष्य एरवी गेलंच. मोरेला काय मिळतं? दिवसाची कमाई. जी वेळ ती एरवी बिळात घालवते त्या वेळेत, जागा दाखवणारा वाटाड्या सोबत घेऊन.

शेपूट वर, डोकं खाली

फटीवर उलटं उभं राहण्याच्या खुणेचा स्वतंत्र अभ्यास अलेक्झांडर वेल, अँड्रिया मनिका आणि बशारी यांनी 2013 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. मूल बोलायला लागण्याआधी बोट दाखवतं, ‘ते बघ’ म्हणतं. एखाद्या तिसऱ्या वस्तूकडे दुसऱ्याचं लक्ष वेधायची ही क्रिया भाषेच्या वाढीतली मोठी पायरी मानली जाते, आणि माणसाखेरीज ती महाकपींमध्ये (चिंपांझीसारख्या मोठ्या वानरांमध्ये) आणि अलीकडे डोमकावळ्यांमध्ये असल्याचं सांगितलं गेलं होतं. दोघेही मोठ्या मेंदूचे म्हणून प्रसिद्ध.

अशी खूण मानायला पाच अटी आहेत: ती एखाद्या वस्तूच्या दिशेने असावी, त्या हालचालीने प्रत्यक्ष काम होत नसावं, ती कुणाला तरी उद्देशून असावी, समोरच्याने स्वेच्छेने प्रतिसाद द्यावा, आणि ती हेतुपुरस्सर असल्याच्या खुणा दिसाव्यात. गोबऱ्याचं शीर्षासन पाचही अटींत बसलं. उलटं उभं राहिल्याने लपलेला मासा काही बाहेर पडत नाही, म्हणजे दुसरी अट पुरी झाली. आणि हा इशारा फक्त मोरेसाठी नसतो. मोठा हंपहेड रास हा जबड्याच्या जोरावर प्रवाळ फोडून भक्ष्य काढणारा मासा, त्यालाही तो केला जातो. ऑस्ट्रेलियात गोबऱ्याचा चुलतभाऊ, कोरल ट्राउट, हाच इशारा ऑक्टोपसला करतो.

ऑस्ट्रेलियात का गेले, तर वेल तिथलेच. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड बेटावरच्या संशोधन केंद्रात त्यांचं बालपण गेलं. तिथे त्यांनी 2014 मध्ये प्रयोग केला. कोरल ट्राउटला टाकीत ठेवलं, भक्ष्य कधी मोकळं तर कधी फटीत ठेवलं, आणि भागीदार म्हणून मोरेची कृत्रिम प्रतिकृती दोरीने हलवली. फटीत भक्ष्य असेल तेव्हा ट्राउट ‘मोरे’कडे जायचा, मोकळं असेल तेव्हा कशाला जाईल! मग दोन मोरे ठेवल्या: एक कामाची, फटीतलं भक्ष्य बाहेर काढणारी, दुसरी कामचुकार, उलट दिशेला जाणारी. पहिल्या दिवशी ट्राउटला फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी तो कामसू मोरेकडे वळू लागला होता. चिंपांझींवर पूर्वी झालेल्या अशाच चाचणीशी ताडून पाहता मासे कुठे कमी पडले नव्हते.

भांडण का होत नाही?

बशारींचा आधीचा अभ्यास आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधला, ताई जंगलातल्या माकडांवरचा. तिथल्या लाल कोलोबस माकडांची चिंपांझी गटाने शिकार करतात. त्या शिकारीवर पुष्कळ लिहिलं गेलंय: कोण हाकतो, कोण वाट अडवतो, कोण दबा धरतो. पण शिकार झाल्यावरचा प्रश्न मोठा असतो. मांस एकाच्या हातात, बाकीचे भोवती हात पसरून. गावात चार घरांनी मिळून बोकड कापला की वाटे घालताना काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. हाडाचा तुकडा कुणाच्या वाट्यात जास्त आला यावरून वर्षभर अबोला धरणारी माणसं मी पाहिली आहेत. भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा कामावरून नाही, वाटणीवरून.

गोबरा आणि मोरे यांच्यात वाटणी होतच नाही. भक्ष्य एका घासाचं, आणि ज्याच्या तोंडी लागलं तो ते तत्क्षणी अख्खं गिळतो. हिसकावून घ्यायला, राखून ठेवायला, रुसायला काही शिल्लक राहत नाही. मोरेचा दुसरा जबडा हा व्यवहार किती पटकन संपवतो ते आपण पाहिलं. शिवाय पकडण्याच्या जागाच वेगळ्या. फटीत मोरेशी स्पर्धा करायची गोबऱ्याची कुवत नाही, उघड्या पाण्यात गोबऱ्याशी स्पर्धा करायची मोरेची नाही. आज हिला, उद्या त्याला. हिशोबवही ठेवायची गरज पडत नाही.

बशारींच्या गटाने हाच मुद्दा शोधनिबंधात मांडला: भक्ष्य एकट्याने बळकावता येतं की नाही, यावर अशा जोडशिकारीचं टिकणं अवलंबून असतं. दोघांनी भूमिका वाटून घेतलेल्या नसतात. प्रत्येक जण आपल्याला आधीपासून जे येतं तेच करतो. मोरे शेजारी गोबरा नसतानाही रात्री हेच करते. म्हणून ‘संघभावना’ वगैरे शब्द मला इथे खटकतात. दोन स्वार्थ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, एवढंच.

एक हरकत

हरकत घेणारे म्हणतील, यात समज कसली? डोकं हलवलं की मोरे येते, मोरे आली की खायला मिळतं. कुत्रासुद्धा ताटलीचा आवाज ओळखतो. लिझर्ड बेटावरच्या प्रयोगात मासे एका दिवसात शिकले, यावरून शिकण्याचा वाटा मोठा आहे हे उघड आहे. मला ही हरकत मान्य आहे, फक्त ती चिंपांझीलाही तितकीच लावावी. आपण चिंपांझीच्या बाबतीत ‘हेतू’ म्हणतो आणि माशाच्या बाबतीत ‘सवय’, तेव्हा निकष बदललेला नसतो, नातं बदललेलं असतं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. खुणा गोबऱ्याच्या, चिकाटी गोबऱ्याची, चाचण्याही त्याच्याच घराण्यावर. लिझर्ड बेटावर तर मोरे म्हणून प्रतिकृती होती. मोरे येते की नाही, गेली तर कुठे गेली, एवढ्यावरच तिची नोंद संपते. ज्या प्राण्याच्या शरीरावर ही सगळी भागीदारी उभी आहे, तोच या प्रकरणात मुका साक्षीदार होऊन बसलाय.

तिसरा भागीदार, आगंतुक

मोरे येते वासावर, हे माणसाने स्वतःच्या अंगठ्यावर शिकून घेतलंय. पर्यटकांना दाखवण्यासाठी डायव्हिंगचे मार्गदर्शक मोरेला हाताने खायला घालतात, अशा जागा जगभर आहेत. थायलंडमध्ये अशाच एका सलगीत मोरेने सॉसेजबरोबर अंगठाही नेला. पुढे शल्यविशारदांनी पायाचं बोट कापून तिथे बसवलं. तिने हल्ला केला असं म्हणता येणार नाही. समोर वासाचं काहीतरी होतं, ते तिने धरलं. आणि एकदा धरलं की मागचा जबडा पुढे येतो, मग सहजासहजी सुटका नाही. फटीत दडलेल्या माशाच्या बाबतीत जी गोष्ट कौतुकाची, तीच बोटाच्या बाबतीत अपघात.

गोबऱ्याचं उलटं. त्याला माणूस खायला घालत नाही, माणूस त्याला खातो. लिझर्ड बेटावर चाचणी झाली ती कोरल ट्राउट ही जात हाँगकाँगच्या उपाहारगृहांत जिवंत विकली जाते आणि ताटात तिला मोठा भाव आहे. मोरेला तसा उठाव नाही. प्रवाळावरच्या अन्नसाखळीत वर असल्याने तिच्या अंगात, विशेषतः यकृतात, सिग्वाटेरा नावाच्या विषबाधेचं विष साठू शकतं. विष तिचं स्वतःचं नाही. शेवाळांवर राहणाऱ्या एकपेशीय जीवांकडून ते छोट्या माशांत आणि तिथून वर चढत येतं. मोठ्या गोबऱ्यांतही ते सापडतं, तरी मागणी कमी होत नाही. जाळ्या-गळांनी एकाच भिंतीवरचे गोबरे उचलले तर मोरेला दिवसा उठवायला येणारा कुणी राहणार नाही. ती उपाशी मरणार नाही, रात्र तिची आहेच.

फट आहे तोवर हा खेळ आहे, हेही खरं. लक्षद्वीपमध्ये ऋचा करकरे आणि सहकाऱ्यांनी गोबऱ्यांवर दीर्घकाळ काम केलंय. समुद्र तापून प्रवाळ पुन्हा पुन्हा पांढरे पडल्यावर दीर्घायुषी गोबरे टिकले ते जिथे प्रवाळाचा सांगाडा उभा राहिला तिथे, असं त्यांच्या 2014 च्या अभ्यासात दिसलं. मोरेचा त्यात विषय नव्हता. पण सांगाडा कोसळून सपाट खडी झाली तर लपायला फट नाही, फटीत शिरणारीची गरज नाही आणि शेपूट वर करून दाखवायला जागाही नाही, इतका अंदाज मी माझ्या जबाबदारीवर बांधतो.

रास मोहम्मदच्या भिंतीवर शिकार संपते तेव्हा निरोपाची काही खूण नसते. गोबरा उघड्या पाण्याकडे वळतो. मोरे जवळची एखादी कपार बघून शेपटीकडून मागे मागे सरकत आत जाते, डोकं बाहेर ठेवते आणि तोंडाची उघडझाप पुन्हा सुरू होते.